पट्टा कसा पाडायचा तेही शिकवा : ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुले पत्र

सांगली-सातारा भागात अभियांत्रिकी, बीसीए, बीसीएसच्या वर्गांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्या सर्व सर-मॅडमना,

स. न. वि. वि.

गेल्या सत्रात एका कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून बसलो होतो. समोरच्या मुलाने डिस्क शेड्युलिंगचं, म्हणजे डिस्ककडे आलेल्या मागण्या (रिक्वेस्ट) कोणत्या क्रमाने पुऱ्या करायच्या याचं, गणित न अडखळता मांडलं. डिस्क वाचणारं हेड ५३ व्या सिलिंडरवर (म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळावर), रांगेत ९८, १८३, ३७, १२२, १४, १२४, ६५, ६७. आल्या क्रमाने गेलं तर ६४० सिलिंडर, जवळचं आधी घेतलं तर २३६, शून्यापर्यंत जाऊन परत फिरलं तरी २३६. (हे दोन २३६ बघून निम्मा वर्ग आपलं काहीतरी चुकलं म्हणून गणित पुन्हा करतो. आम्हीही केलं होतं.) मी विचारलं, "बरं, या आठ रिक्वेस्टपैकी दोन डिस्ककडे गेल्यात, सहा अजून रांगेत आहेत, आणि नेमकी आत्ता कोणीतरी डिस्कच काढून नेली. या आठांचं काय करायचं?"

पोरगा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, ते सिलॅबसमध्ये नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि दोष त्याचा नव्हता. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय.

मी तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी हाताखाली शिकलो. सांगलीत पदवी, पुण्यात नोकरी, आणि आता विश्रामबागेतल्या घरी बसून तेच काम: डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या मधला ड्रायव्हर लिहायचा, नाहीतर दुसऱ्याने लिहिलेला निस्तरायचा. रिक्वेस्टचा क्रम चुकला म्हणून मला रात्री फोन आल्याचं एकदाही आठवत नाही. फोन येतो तो डिव्हाइस काढताना रांगेत काहीतरी राहून गेलं म्हणून. आपण मुलांना रांग लावायच्या सहा तऱ्हा शिकवतो आणि रांग बंद करायची एकही नाही. त्यातून त्या सहा तऱ्हा ज्या फिरत्या डिस्कसाठी होत्या ती डिस्क आता त्यांच्या लॅपटॉपमध्ये नसतेच. एसएसडीला हेड नाही, सिलिंडर नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एनव्हीएमई (एसएसडीची नवी, वेगवान जात) डिस्कपुढे बहुतेक वेळा शेड्युलर, म्हणजे क्रम लावणारा, म्हणून 'नन' असतो, म्हणजे कोणीच नाही.

माझ्या डोक्यात हा विषय बसला तो पुरात. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. गावभागातल्या एका ऑफिसचं मशीन मी अधूनमधून बघायचो. तळमजल्यावर एक लिनक्स सर्व्हर, त्याला यूएसबीने जोडलेली बाहेरची मोठी हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कला वेगळा अडॅप्टर. वीज सकाळीच गेली होती, सगळं इन्व्हर्टरवर चाललं होतं. पाणी चढतंय म्हटल्यावर मीच फोनवर सांगितलं, आधी बॅकअप चालू करा, मग सामान वर न्या. ही माझी चूक. बॅकअपला चाळीस मिनिटं लागायची आणि कृष्णामाई तेवढं थांबणार नव्हती. मी पोचलो तेव्हा पाणी बाहेरच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं, आणि तिथले एक काका, घाईत असूनही अगदी नीटपणे, वायरी गुंडाळत होते. त्यांनी हार्ड डिस्कचा अडॅप्टर आधी काढला. यूएसबीची वायर तशीच ठेवली. "ती डाटाची आहे न्हवं, म्हणून हात लावला नाही."

डिस्क 'टक्' करून थांबली. पण तिच्या डबीतली चिप यूएसबीच्या विजेवर जिवंत राहिली. सर्व्हरच्या लेखी डिस्क जागेवरच होती, फक्त उत्तर देत नव्हती. बॅकअप थांबवायला गेलो तर थांबेना. प्रोसेस मारायची 'किल' आज्ञा दिली, सक्तीची 'किल नाइन' दिली, ढिम्म. प्रोसेसच्या यादीत तिच्यापुढे 'डी' हे अक्षर होतं. म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) आत एका उत्तराची वाट बघत झोपलेली आणि कुठल्याही सिग्नलने न उठणारी प्रोसेस. सिंक, म्हणजे राहिलेला डेटा डिस्कवर लिहून काढायची आज्ञा, मारलं, तेही जाऊन त्याच वाटेवर बसलं. पडद्यावर कर्नलचा निरोप: अमुक प्रोसेस १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकली आहे.

आत काय चाललं होतं ते आता सांगता येतं. अशा डिस्कला दिलेल्या प्रत्येक आज्ञेला लिनक्समध्ये मुळात ३० सेकंदांची मुदत असते. ती संपली की एरर-हँडलर उठतो. आधी आज्ञा रद्द करायला बघतो, मग डिव्हाइस रीसेट करतो, तेवढ्याने भागलं नाही तर त्याच्या वरचं रीसेट करतो, आणि आज्ञा पुन्हा पाठवून बघतो. यात मिनिटामागून मिनिटं जातात. नेमक्या त्या मिनिटांत, मी "थांबा थांबा" म्हणेपर्यंत, काकांनी यूएसबीची वायरही ओढली. एकीकडे एरर-हँडलर डिस्कच्या तोंडावर पाणी मारतोय आणि दुसरीकडे डिस्क गेल्याची वर्दी कर्नलला पोचतेय. कर्नल जुना होता. दोन-तीन सेकंदांत पडद्यावर हेक्स आकड्यांची माळ आली आणि मशीन जागच्या जागी गप्प झालं.

सर्व्हर उचलून वर नेला. आतली डिस्क वाचली. बॅकअपच्या डिस्कवरची फाइल सिस्टीम मात्र इतकी फाटली होती की पाणी ओसरल्यावर तीन दिवस मी तिच्यातून तुकडे वेचत होतो. त्या आकड्यांच्या माळेचा मोबाइलवर फोटो काढला होता, तो नंतर सावकाश वाचला. रांगेची मेमरी एका वाटेने मोकळी करून टाकली होती, आणि दुसऱ्या वाटेने मुदतीचा टायमर अजून त्याच मेमरीत हात घालत होता. रिकाम्या केलेल्या घराची बेल वाजवायची आणि आतून भलत्यानेच दार उघडायचं, तसा प्रकार.

काकांना दोष द्यायचा नाही. माणसं वायरी ओढणार, पाणी येणार, बसस्टँडवर लॅपटॉपला धक्का लागून पेन ड्राइव्ह निघणार. कर्नलने ते सोसलं पाहिजे. ते सोसायचं कसं, हा शिकवायचा भाग.

आणि खरं सांगू, आपल्याकडच्या पोरांना हे शिकवणं सगळ्यात सोपं आहे, कारण त्यांनी ते दर उन्हाळ्याच्या तोंडाला बघितलेलं असतं. साखर कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे उसाचा गळीत हंगाम संपतो, तो कसा?

माझे चुलते एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर नंबर द्यायचे. पट्टा पडायच्या आधी पहिली गोष्ट होते ती ही, की चिटबॉय तोडीच्या नव्या चिठ्ठ्या द्यायचं बंद करतो. मिल फिरतेय, गव्हाणीत (मिलकडे ऊस नेणाऱ्या वाहकावर) ऊस पडतोय, तळावर गाड्या उभ्या आहेत, पण नवीन गाडी आली तर तिला गेटवरच 'आता नाही' असं तोंडावर सांगून परत लावतात. नंतर तळावर ज्याला नंबर मिळालाय त्याचा ऊस शेवटच्या मोळीपर्यंत गाळला जातो. तळ रिकामा झाला का, हे चुलते स्वतः फिरून बघायचे, रजिस्टरवर विसंबायचे नाहीत. मग फिटर मिलचे रोल उतरवायला घ्यायचे. आणि एक गोष्ट बाहेरच्याला दिसत नाही: मिल थांबली तरी बिलाचं टेबल उठत नाही. शेवटच्या शेतकऱ्याने बिल उचलेपर्यंत त्याच्या खात्याचं पान फाडता येत नाही.

लिनक्सचा ब्लॉक लेयर, म्हणजे डिस्कच्या रांगा सांभाळणारा कर्नलमधला थर, याच क्रमाने जातो. डिस्क जाणार म्हटलं की तिच्या रांगेवर 'डाइंग', म्हणजे मरायला टेकलेली, अशी खूण होते. त्या क्षणापासून दाराशी आलेल्या नव्या रिक्वेस्टला आत घेत नाहीत, एरर देऊन लगेच परत पाठवतात. मग रांग गोठवतात. आत किती जण आहेत याचा एक आकडा असतो, तो शून्य होईपर्यंत डिस्क काढणारा थ्रेड थांबून राहतो. शून्य झाल्यावर टॅग (रिक्वेस्टना दिलेले नंबर) आणि हार्डवेअरच्या रांगा मोकळ्या होतात. रांगेच्या मूळ स्ट्रक्चरची मेमरी मात्र तिचा शेवटचा संदर्भ सुटेपर्यंत ठेवावी लागते, कारण डिस्क गेली तरी कोणीतरी ती फाइल म्हणून उघडून बसलेलं असू शकतं. उघडं राहिलेलं हँडल म्हणजे न उचललेलं बिल.

त्या आकड्याची एक गंमत वर्गात जरूर सांगा. प्रत्येक रिक्वेस्ट आत येताना एक वाढवायचा, बाहेर जाताना एक कमी करायचा, एवढंच काम. पण सेकंदाला लाखो रिक्वेस्ट आणि सोळा कोअर असतील तर सगळे मिळून एकाच आकड्यावर झोंबतात आणि सगळा वेळ त्या झोंबाझोंबीत जातो. म्हणून प्रत्येक सीपीयूला स्वतःची वेगळी वही दिलेली असते. एका वजनकाट्यावर आत आलेली गाडी दुसऱ्याच काट्याने बाहेर पडली तरी चालतं, एखाद्या वहीत उणे आकडा दिसला तरी हरकत नाही, कारण नेहमीच्या दिवसात एकूण बेरीज कोणालाच नको असते. पट्टा पडायच्या दिवशी मात्र सगळ्या वह्या बंद करून एकाच रजिस्टरवर बेरीज आणावी लागते, आणि त्याआधी जुन्या वहीत कोणी अजून लिहीत नाही ना, याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं. कर्नलमध्ये याचं नाव पर-सीपीयू रेफरन्स काउंटर. रेफरन्स काउंटिंग तुम्ही शिकवताच. ते असं जित्याजागत्या जागी दाखवलं तर पोरं विसरणार नाहीत.

इथवर सगळं सुरळीत चाललेला पट्टा झाला. आता पुराचा दिवस घ्या. मिलचा शाफ्टच मोडला, आज गाळप होणं शक्य नाही, आणि तळावर तीनशे गाड्या. मोडलेली मिल तळ रिकामा करणार नाही. कोणीतरी हिंडून प्रत्येक गाडीवाल्याला सांगितलं पाहिजे, "दादा, तुझा ऊस इथं गाळला जाणार नाही, दुसरीकडं बघ." ऊस गाळला काय नि परत गेला काय, गाडी तळावरून हलली म्हणजे झालं. सांगणारा कोणी आलाच नाही तर बैल रात्रभर जुवाखाली उभे. माझा बॅकअप 'डी' होऊन बसला होता तो असाच.

मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो, आणि कंपनीत आलेल्या नव्या पोरांचाही होतो. लिनक्समध्ये 'क्विएस' आणि 'फ्रीझ' अशा दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि दोन्हींना मराठीत आपण 'थांबवणं' म्हणून मोकळे होतो. क्विएस म्हणजे गव्हाण थांबवली: रांगेतून ड्रायव्हरकडे पुढे काही जाणार नाही, पण तळावर गाड्या येतच राहतील. फ्रीझ म्हणजे गेट बंद केलं आणि तळ रिकामा व्हायची वाट बघत बसलो. आता एखाद्याने आधी गव्हाण थांबवली आणि मग गेट लावून तळ रिकामा व्हायची वाट बघितली, तर तो हयातभर बघत बसेल. ऐकायला हे हास्यास्पद वाटतं. प्रत्यक्षात हाच घोळ मी तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरमध्ये बघितलाय, त्यातल्या एकात तो मीच घातलेला होता. एनव्हीएमईच्या ड्रायव्हरमध्ये कंट्रोलर मेला असं ठरलं की म्हणूनच उलटं वाटेल असं काम करतात: थांबवलेल्या रांगा पुन्हा सुरू करतात. उद्देश एवढाच की अडकलेल्या रिक्वेस्ट ड्रायव्हरपर्यंत पोचाव्यात आणि त्याने एकेकीला एरर देऊन वाटेला लावावं.

आणखी एक खाच उशिरा आलेल्या उत्तराची. मुदत संपली म्हणून आपण रिक्वेस्ट 'फेल' म्हणून मिटवायला घेतली, आणि त्याच क्षणी डिस्ककडून 'झालं' असा इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आला. एका रिक्वेस्टचा निकाल दोनदा लागता कामा नये. दोघांपैकी नेमका एक जण जिंकेल, आणि हरणारा तिला हात न लावता मागे फिरेल, अशी बांधणी लागते. डिव्हाइस काढताना त्या टायमरचं आणि त्याने रांगेला लावून ठेवलेल्या कामाचं आधी निवारण करायचं, मगच मेमरी सोडायची. माझ्या फोटोतली चूक ही होती.

कुलपांचं तर विचारू नका. एका थ्रेडने कुलूप घेतलं आणि ते हातात ठेवून गोठलेल्या रांगेत रिक्वेस्ट टाकायला गेला. तो दारात थांबला. ज्याने रांग गोठवली त्याला पुढच्या पायरीसाठी तेच कुलूप हवं आहे. झाला डेडलॉक. तुम्ही डेडलॉक शिकवताना पाच तत्त्वज्ञ आणि पाच काटे घेता (आपल्याकडे हाताने जेवतात हे पोरं दरवर्षी मागच्या बाकावरून सांगतात). त्यांच्या जोडीला हे उदाहरण घ्या. यातला एक पक्ष कुलूप नसून गोठवलेली रांग आहे, त्यामुळे कोडमध्ये नुसती लॉकची नावं शोधून हा डेडलॉक सापडत नाही.

आणि रांगेचं आयुष्य डिस्कच्या आयुष्याइतकं असतं, हा समजही काढून टाकायला हवा. स्कझीमध्ये (डिस्क, टेप वगैरेंशी बोलायची एक जुनी पद्धत) रांग डिस्कच्या आधी जन्मते, कारण समोर डिस्क आहे की टेप हे विचारायलाच आज्ञा पाठवावी लागते, आणि ती पाठवायला रांग लागते. तशीच ती डिस्कच्या नंतरही उरू शकते. कोण आधी जाणार, कोण कोणाचा संदर्भ धरून बसणार, यावर वर्षानुवर्षं जागणाऱ्या लोकांचेही क्रम चुकलेत. २०२२ मध्ये लिनक्सच्या ब्लॉक लेयरमधून रांग साफ करणारं जुनं फंक्शनच काढून टाकलं आणि डिस्क काढणं व रांग मोडणं ही कामं नव्याने वाटून दिली. जे मुरलेल्यांनाही इतक्या वर्षांनी पुन्हा मांडावं लागलं, ते आमच्या नव्या पोरांना नोकरीच्या पहिल्या महिन्यात आपोआप जमेल असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

विंडोजवाल्यांनी हाच पेच वेगळ्या पद्धतीने मांडलाय, तोही दाखवण्यासारखा आहे. तिथे डिव्हाइस काढायच्या आधी सगळ्यांना विचारणा होते: काढू का? कोणीही नाही म्हणू शकतो. 'हे डिव्हाइस सध्या वापरात आहे' हा निरोप म्हणजे त्या विचारणेला आलेला नकार. पण वायर ओढल्यावर विचारणा कसली? त्यासाठी वेगळी वर्दी आहे, 'सरप्राइज रिमूव्हल'. ड्रायव्हरने लटकलेल्या सगळ्या रिक्वेस्ट फेल करायच्या, नव्या घ्यायच्या नाहीत, पण स्वतः उठून जायचं नाही. सगळे हँडल बंद झाल्यावर शेवटची 'रिमूव्ह'ची वर्दी येते, तेव्हा आवरायचं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या सोयीला 'रिमूव्ह लॉक' नावाची वस्तू तयार मिळते: काम सुरू करताना धरायचा, संपल्यावर सोडायचा, आणि काढणारा सगळ्यांनी सोडेपर्यंत थांबतो. सरतेशेवटी इथेही चिठ्ठ्या बंद, तळ रिकामा, मग रोल.

पेन ड्राइव्हचं तुम्हाला मी काय सांगणार. प्रत्येक लॅबमध्ये सबमिशनच्या दिवशी कोणाची तरी फाइल शून्य केबीची निघते. कॉपीची पट्टी भरली म्हणजे डेटा डिस्कवर पोचला असं मुलं समजतात. खरं तर तो बराचसा पेज कॅशमध्ये, म्हणजे अजून मशीनच्या मेमरीतच, असतो. लिनक्सचा लिहून काढणारा थ्रेड साधारण दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली पानं डिस्ककडे ढकलतो. म्हणजे ऊस शेतातून निघाला, तळावर यायचाय. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे धोरण मुळातच लागू केलंय, त्यामुळे तिथे हा धोका बराच कमी झाला. पण कॉपी चालू असताना ओढलं तर कुठल्याच धोरणाचा उपयोग नाही, आणि पेन ड्राइव्हवरच्या फॅट फाइल सिस्टीमला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम सावरायची नोंदवही, नसतं.

आता मागणी. फक्त एक प्रॅक्टिकल घाला. शेड्युलिंगची गणितं राहू देत, परीक्षेला मार्क मिळतात त्यावर पोरांचे. पण त्यातलं एक सेशन मला द्या.

खर्च शून्य. खरी डिस्क ओढायची गरजच नाही. लिनक्समध्ये स्कझी-डिबग नावाचं मॉड्यूल आहे, ते मेमरीतून खोटी स्कझी डिस्क तयार करतं आणि प्रत्येक उत्तराला हवा तेवढा उशीर लावता येतो. नल-ब्लॉक नावाचं दुसरं आहे, त्याला तर पॉवरची फाइलच आहे: एक लिहिलं की डिस्क आली, शून्य लिहिलं की गेली. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे चालवायचं, एफआयओ या चाचणीच्या प्रोग्रॅमने डिस्कवर भरपूर काम टाकायचं, आणि काम चालू असतानाच डिस्क काढायची. मुलांनी बघायचं: किती रिक्वेस्टना कुठला एरर आला, कोणती प्रोसेस 'डी'मध्ये गेली, किती सेकंदांनी सुटली. दुसऱ्या तासाला त्यांना दोनशे ओळींचा खेळण्यातला ड्रायव्हर द्यायचा, त्यात मी म्हटलेल्या चुकांपैकी एक पेरायची, आणि केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू केलेल्या कर्नलवर तो उडवून दाखवायचा. सोडलेल्या मेमरीला कोणी हात लावला, ती कोणी सोडली होती, दोन्ही वाटा केसॅन छापून देतो. मला २०१९ मध्ये फोटोवरून जे शोधायला चार रात्री लागल्या, ते पोरं दहा मिनिटांत वाचतील.

हा कोणाचा छंद नव्हे. लिनक्सचा ब्लॉक लेयर तपासायला 'ब्लॉकटेस्ट्स' नावाचा चाचण्यांचा संच आहे, त्यातल्या ब्लॉक गटातली एक क्रमांकाची चाचणी डिव्हाइस पुन्हा पुन्हा जोडून-काढून बघण्याचीच आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आम्ही एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम घेतो, त्यात कर्नल आतून बाहेरून दाखवतो. घेता हे फार चांगलं करता. पण त्यातला डिस्कचा ड्रायव्हर उघडून बघा. रांगेत आठ डिस्क्रिप्टर (रिक्वेस्टचा तपशील ठेवायच्या जागा), ते मोकळे होईपर्यंत झोपायचं, उत्तर येईपर्यंत झोपायचं. डिस्क कधी जाईल हा विचारच त्यात नाही. शिकवायच्या सिस्टीममध्ये तसं असणं योग्यच. तेवढंच निमित्त करून मुलांना सांगा, की आता यात 'काढा' ही क्रिया तुम्ही बसवा. झोपलेल्याला उठवायचं कोणी, आणि उठल्यावर त्याला काय सांगायचं? मला वाटतं, हा एक प्रश्न घेऊन पोरगं आठवडाभर झुंजलं तर त्याला स्लीप-वेकअप, लॉक आणि रेफरन्स काउंट हे तिन्ही धडे एकत्र कळतील.

पुढचं चित्र तर अजून दाट आहे. जुन्या साटा जोडणीच्या डिस्कला एएचसीआय या पद्धतीतून एक रांग आणि तिच्यात ३२ आज्ञा. एनव्हीएमईच्या स्पेसिफिकेशनमध्ये ६४ हजारांच्या घरात रांगा आणि एकेका रांगेत तेवढ्याच आज्ञा बसतात. त्याला साजेसा अनेक रांगांचा ब्लॉक लेयर लिनक्समध्ये ३.१३ आवृत्तीत, २०१४ च्या सुरुवातीला आला, आणि जुना एका रांगेचा मार्ग ५.० मध्ये, २०१९ साली, उखडून टाकला. एका तळाऐवजी आता शंभर तळ, आणि पट्टा मात्र एकदमच पाडायचा.

कराड, इस्लामपूर, सातारा, कुठेही बोलवा, मी येतो. मानधन नको, एसटीचं तिकीटही माझं मी काढीन. शनिवारी मोकळा असतो. मशीनची इमेज आणि पेरलेल्या चुकांचा ड्रायव्हर तयार करून ठेवलाय. ज्या मुलाला मी तो आठ रिक्वेस्टचा प्रश्न विचारला होता, तो खाली पार्किंगमध्ये माझी वाट बघत थांबला होता. "सर, त्या दोन गेलेल्यांना एरर द्यायचा का, त्या लिहिल्या गेल्या असतील तर?" इतका चांगला प्रश्न मला चौदा वर्षांत मोजक्या लोकांनी विचारलाय, आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्याकडे तिथे ना फळा होता ना मशीन. तेवढी लॅबची चावी शनिवारी कोणाकडे असते, ते कळवा.

आपला,
एक माजी विद्यार्थी
विश्रामबाग, सांगली